पोस्टग्रेस की मोंगो, त्याआधी बॅकअपची मुदत पाहा

दुकानदारांच्या उधारीच्या ॲपसाठी ॲमेझॉन आरडीएस या भाड्याच्या डेटाबेस सेवेवरील पोस्टग्रेस (ठरलेल्या साच्याच्या तक्त्यांत नोंदी ठेवणारा डेटाबेस) घ्यावे की मोंगोडीबी ॲटलस (बदलत्या साच्याच्या नोंदी ठेवणाऱ्या मोंगो डेटाबेसची भाड्याची सेवा), असा आपला प्रश्न आहे. उधारी म्हणजे हिशेब, आणि हिशेबाला पोस्टग्रेसच. त्यात डोके शिणवण्यासारखे काही नाही. शिणवायचेच असेल तर बॅकअपच्या मुदतीवर, म्हणजे किती दिवस मागचा डेटा परत आणता येईल यावर, शिणवा.

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउससाठी आम्ही वजन आणि दराच्या नोंदींचे ॲप केले होते. डेटाबेस आरडीएसवर होता, दुसऱ्या झोनमध्ये (वेगळ्या डेटा सेंटरमध्ये) त्याची स्टँडबाय, म्हणजे मुख्य यंत्र बंद पडल्यास काम हाती घेणारी, प्रत होती, आणि ‘जिवंत प्रत असताना जुने बॅकअप कशाला साठवायचे’ असे म्हणून माझ्या भागीदाराने बॅकअपची मुदत एका दिवसावर आणली होती. मी हरकत घेतली होती; पण खर्चाचा विषय निघाला की आमच्याकडे त्याचेच चालत असे. ऐन हंगामात आमच्याच एका मुलाने थॉमसन या पांढऱ्या द्राक्षाचा दर दुरुस्त करण्यासाठी अपडेट क्वेरी चालवली आणि तिच्यात ‘व्हेअर’, म्हणजे कोणत्या नोंदी बदलायच्या ही अट, लिहायचे राहिले. सोनाका, काळी शरद, सगळ्या मालाला थॉमसनचा दर लागला, आणि ती चूक लगोलग स्टँडबायवरही उतरली, कारण मुख्य प्रतीवर जे होईल ते जसेच्या तसे उतरवून घेणे हेच तिचे काम. तिसऱ्या दिवशी निफाडकडचे एक शेतकरी पावती घेऊन आले आणि म्हणाले, “माल माझा काळा, मग दर पांढऱ्याचा कसा लावला?” तोपर्यंत चोवीस तासांपलीकडचे काहीही परत आणणे शक्य नव्हते. रसाने एकमेकींना चिकटलेल्या गुलाबी कार्बन पावत्या सुट्या करत आम्ही चार रात्री बसून सगळे दर पुन्हा भरले.

आरडीएसमध्ये ही मुदत ३५ दिवसांपर्यंत वाढवता येते. आपण किमान १४ ठेवा. डेटाबेस कन्सोलऐवजी (ॲमेझॉनच्या वेब पानाऐवजी) कमांडने तयार केला आणि मुदत सांगितली नाही, तर ती १ दिवसाचीच धरली जाते. परत आणलेला डेटा जुन्या डेटाबेसवर न येता नव्या इन्स्टन्सवर (स्वतंत्र डेटाबेस सर्व्हरवर) येतो आणि त्याचा पत्ताही वेगळा असतो, म्हणून ग्राहक येण्यापूर्वी एकदा मुद्दाम तो परत आणून ॲप त्याला जोडून पाहा. रीजन, म्हणजे ॲमेझॉनची डेटा सेंटर ज्या भागात आहेत तो, मुंबईचाच घ्या. तो २०१६ पासून आहे.

नोंदींचा साचा दर महिन्याला बदलणार असेल तर ॲटलसही वाईट नाही. भागीदाराच्या बाजूनेही एवढे मान्य करतो की यंत्र बंद पडल्यास स्टँडबाय साधारण एक-दोन मिनिटांत काम हाती घेते. मात्र तिच्यामुळे डेटाबेसचे बिल जवळपास दुप्पट होते, तर बॅकअपला त्या रीजनमधील आपल्या डेटाबेसच्या एकूण साठवणुकीइतक्या आकारापर्यंत वेगळे पैसेच पडत नाहीत. दुप्पट बिल भरून प्रत ठेवणारा आणि फुकटची मुदत कापणारा हा गृहस्थ आजही मलाच उधळ्या म्हणतो.