वाचकांचे प्रश्न : माशांचे कान आणि पंपाची घरघर

प्रश्न : टाकीचा एअर पंप रात्रंदिवस घरघरतो. गोल्डफिशना त्याचा त्रास होत असेल का? त्यांना कान तर दिसत नाहीत. (ठाणे)

उत्तर : होऊ शकतो, आणि गोल्डफिशला इतर अनेक माशांहून जास्त. माशाचे कान कवटीच्या आत असतात. त्यात चुन्याचे जड खडे असतात. ध्वनीने शरीर पाण्याबरोबर हलते, खडा मागे राहतो आणि त्याखालच्या केसपेशी (ध्वनी टिपणाऱ्या केसाळ पेशी) वाकतात. गोल्डफिश, रोहू, कटला, मागूर यांच्यात शिवाय वाताशयापासून (पोटातल्या हवेच्या पिशवीपासून) कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. वाताशयातली हवा थरथरली की ती थरथर थेट कानाला पोचते. त्यामुळे गोल्डफिशला सुमारे ३००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) चांगले ऐकू येते. अशी सोय नसलेल्या बहुतेक माशांचे ऐकणे १००० हर्ट्झच्या आतच संपते. आपल्या विजेवर पंप ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींत गुणगुणतो, म्हणजे ऐन त्यांच्या टप्प्यात.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गोल्डफिशना १६०–१७० डेसिबलच्या आवाजात ठेवले. दहा मिनिटांतच ऐकणे मंदावले, २४ तासांत सुमारे २८ डेसिबलने घटले. २१ दिवस गोंगाटात राहिलेल्या माशांना पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. घरचा पंप एवढा मोठा नसतो, पण तो कधी थांबतही नाही.

टीव्हीची फार काळजी करू नका. हवेतल्या आवाजाची ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परतते. खरा शत्रू स्टँडमधून आणि काचेतून येणारी थरथर. म्हणून पंप टाकीच्या स्टँडवर नको. वेगळ्या फळीवर, दोन सेंटिमीटर जाड स्पंजवर ठेवा, भिंतीला टेकू देऊ नका. तो पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न वाल्व (एकाच दिशेने वाट देणारी झडप) हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटे पंपात येते. नळी ताणलेली नको, थोडी सैल सोडा. टाकीखाली थर्माकोल घाला. घरघर अचानक वाढली तर आधी एअरस्टोन (नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) काढून पाहा : तो चोंदला की पंपावर दाब येतो आणि आतला रबरी पडदा लवकर फाटतो. बुडत्या फिल्टरचे रबरी चोषक (काचेला चिकटणाऱ्या वाट्या) कडक झाले असतील तर बदला. त्यांच्यामुळे अख्खी काच वाजते.

प्रश्न : पाण्यातले १७० डेसिबल म्हणजे जेट विमानाहून मोठा आवाज ना? (नाशिक)

उत्तर : नाही. दोन्हीकडचे शून्य वेगळे आहे. हवेत २० मायक्रोपास्कल (दाबाचे अगदी लहान एकक) दाबाला शून्य डेसिबल धरतात, पाण्यात १ ला. शिवाय पाणी फार दाट माध्यम. तीव्रतेची तुलना करायची तर पाण्यातल्या आकड्यातून ६२ वजा करा : १७० चे १०८ उरतात. तेही काही थोडे नव्हेत.

प्रश्न : पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी नेतो. आवाज कमी कसा करावा? (मालवण)

उत्तर : प्रश्न विचारलात, फार बरे वाटले. डॉल्फिन खालच्या जबड्यातल्या चरबीतून आवाज टिपतात आणि शिट्ट्यांनी एकमेकांचा माग ठेवतात. होडीच्या इंजिनाचा पंखा जोरात फिरला की पात्यांवर बुडबुडे तयार होऊन फुटतात; त्या कडकडाटात शिट्ट्या बुडतात. म्हणून वेग आधीच, दोनशे-तीनशे मीटरवरच उतरवा. ५० मीटरच्या आत जाऊ नका. बाजूने समांतर चला, वाट अडवू नका, दोन होड्यांमध्ये कळप कोंडू नका. थांबल्यावर गिअर न्यूट्रलला. इंजिन सारखे बंद-चालू करू नका. पात्याची कड तुटली असेल किंवा शाफ्टला गळाची दोरी गुंडाळली असेल तर कमी वेगातही आवाज वाढतो, तेव्हा होडी ओढली की पंखा हाताने चाचपून घ्या. पिल्लू दिसले तर तिथून निघा, गिऱ्हाईक कितीही म्हणो.