मुलगा घरोघर पाठबळ मागत फिरतोय

प्रश्न : माझा मुलगा बी.एस्सी. नर्सिंग झाला आहे. अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या पाड्यांवर दवाखाना चालवणाऱ्या एका मिशन संस्थेने त्याची निवड केली आहे. संस्था पगार देत नाही. महिन्याचा 18,000 रुपयांचा सपोर्ट त्याने स्वतः उभा करायचा आणि जूनमध्ये रुजू व्हायचं. म्हणून तो दर रविवारी वेगळ्या मंडळीत (चर्चमध्ये) जातो, आठवडाभर मित्रांच्या घरी जातो. परवा माझी जाऊ म्हणाली, ‘एवढं शिकून पोरगं भीक मागतंय.’ शिक्षणकर्जाचे 1,80,000 रुपये अजून फेडायचे आहेत. त्याला अडवू का? – एक आई, अहिल्यानगर

उत्तर :

ताई, सलाम.

जाऊबाईंचं बोलणं तुम्हाला लागलं, हे पत्राच्या अक्षरातूनही कळलं. पण भीक घालणारा माणूस समोरच्याचं नाव विचारत नाही. तुमच्या मुलाला पाचशे रुपये देणारा मात्र नाव, गाव, काम सगळं विचारणार, आणि पुढच्या महिन्यातही ‘काय चाललंय तिकडे?’ म्हणून विचारत राहणार. दवाखान्यात जायच्या आधी त्याच्या सेवेचा पहिला भाग या घरांतच सुरू झाला आहे.

आपल्या मातीतलंच उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेत गेल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. पण मग जवळजवळ तीन वर्षं त्या गावोगाव बोलत राहिल्या. चर्चमध्ये, महिलांच्या बैठकींत, कुणाच्या दिवाणखान्यात. डिसेंबर 1887 मध्ये बोस्टनला त्यांच्या नावाची असोसिएशन उभी राहिली, ठिकठिकाणी लहान मंडळं झाली आणि दहा वर्षं खर्च उचलण्याचं वचन मिळालं. त्यावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं. त्या फिरण्याला आज कुणी भीक म्हणत नाही.

त्याच कहाणीची दुसरी बाजूही मुलाला सांगा. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं ठरलं होतं. पुढे सदन पुण्याला हललं, आणि मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढलं जातं या आरोपावरून 1893 मध्ये तिथे वाद पेटला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. कोण बरोबर होतं हा वेगळा विषय. पण ज्याच्या दारात आपण जातो, त्याला आपण तिथे नेमकं काय करणार हे आधीच स्पष्ट कळलं पाहिजे. मुलगा रुग्णसेवा करणार असेल तर रुग्णसेवा म्हणावं, सुवार्तेचं, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगण्याचं काम असेल तर तसं म्हणावं, दोन्ही असेल तर दोन्ही. समोर कोण बसलं आहे ते पाहून गोष्ट बदलू नये.

आता भेटींबद्दल. इथेच मुलं चुकतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मित्राकडे गेला की तासभर स्वतःबद्दल बोलायचं आणि मागायची वेळ आली की ‘प्रार्थना करा’ म्हणून उठायचं, ही पहिली चूक. समोरचा अवघडतो, त्याला कळतं की काहीतरी मागायचं राहिलं आहे. त्यापेक्षा फोनवरच सांगावं, ‘माझ्या सेवेबद्दल आणि तिच्या खर्चाबद्दल बोलायला येतोय.’ घरी गेल्यावर आधी त्यांचं ऐकावं. मग दहा मिनिटांत काम सांगावं आणि सरळ विचारावं, ‘दोन वर्षं दरमहा 500 रुपये देणं तुम्हाला जमेल का?’ नंतर गप्प बसावं. नकार आला तरी चहा पिऊन, त्या घरासाठी प्रार्थना करून हसत निघावं. नकार दिलेल्या घरीही नाताळात भेटायला जावं.

हिशेब मांडला की 18,000 चा डोंगर लहान होतो. 500 देणारी 20 माणसं म्हणजे 10,000. दरमहा 2,000 देणाऱ्या तीन मंडळ्या म्हणजे 6,000. हजार-हजार देणारी दोन कुटुंबं म्हणजे 2,000. होकार देणारे पंचवीस, म्हणजे भेटी साठ-सत्तर तरी धराव्यात.

मंडळीत जाताना आधी पाळकांना (तिथल्या धर्मगुरूंना) फोन करावा, पंच कमिटीची संमती घ्यावी. उपासनेत साक्षीसाठी पाच मिनिटं मिळाली तर पाचच मिनिटं बोलावं. खरं बोलणं उपासनेनंतर दाराशी आणि महिला मंडळात होतं. आणि एक कळकळीची विनंती : जिथे पाळकांचंच मानधन थकलेलं असतं, अशा खेड्यातल्या मंडळीत पैसे मागू नयेत. तिथे बायकांचं बीपी तपासावं, मुलांशी बोलावं, प्रार्थना मागावी. एका लहान मंडळीने छपराच्या पत्र्यांसाठी जमवलेल्या पैशांतून एका तरुण सेवकाला अर्पण दिलेलं मी पाहिलं आहे. पुढे वर्षभर त्याने एक ओळही पाठवली नाही. त्या आजीबाई मला अजून विचारतात, ‘तो पोरगा बरा आहे ना?’ म्हणून दर महिन्याला एक पानाचं पत्र, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, ज्याने दिलं त्यालाही आणि ज्याने फक्त प्रार्थना केली त्यालाही.

थोडं देणाऱ्यांना कमी लेखू नये. मिझोराममध्ये 1910 पासून चर्चच्या बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी वेगळे काढतात. त्या मुठींवर तिथलं केवढं तरी मिशनकार्य उभं आहे.

पैशांचे नियम थोडक्यात. देणगी मुलाच्या खात्यात नको. संस्थेच्या खात्यात, पावती घेऊन. नातेवाईक नसलेल्यांकडून आर्थिक वर्षात एकूण 50,000 च्या वर भेट आली तर ती मुलाचं करपात्र उत्पन्न ठरते. परदेशातली मंडळी देणार असेल तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावा लागतो. संस्थेकडून लेखी मागा : ट्रस्टची नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब, कार्यालयीन खर्चासाठी किती टक्के कापतात, आणि 18,000 मध्ये आरोग्य विमा, घरी यायचं भाडं, म्हातारपणासाठीची बचत धरली आहे का. हे विचारल्यावर संस्थेला राग आला, तर तिथे पाठवू नका.

कर्जाचं मात्र मी स्पष्ट सांगतो. जूनमध्ये त्याने जाऊ नये. लोक पाड्यावरच्या रुग्णांसाठी देणार, त्यातून बँकेचा हप्ता जाणं बरं नाही. आणि हप्ता थकला तर बँकेची माणसं तुमच्या दाराशी येणार. त्याने दीड वर्ष एखाद्या मोठ्या रुग्णालयात नोकरी करावी. कर्ज बरंचसं फिटेल आणि हातही तयार होईल. रात्री डॉक्टर नसताना अडलेली बाई आली तर काय करायचं, हे वॉर्डातच शिकता येतं. रविवारच्या भेटी तेव्हाही चालू राहतील. बायबलमधला प्रेषित पौलही तंबू शिवून पोट भरत होताच. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवावी, म्हणजे पुढे परत यावं लागलं तरी दार बंद होणार नाही. जमलं तर या काळात तिथली थोडी पावरी बोलीही शिकावी.

तुम्ही अडवू नका, ताई. उलट त्या साठ-सत्तर घरांची यादी करायला त्याच्याबरोबर बसा. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचं नुकतंच लग्न झालं, हे त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं. जाऊबाईंकडे त्याने स्वतः जावं, तुम्ही सोबत नको. पैसे न मागता, फक्त काम सांगायला.

मुदत वाढवून मागणारं पत्र त्याने याच आठवड्यात संस्थेला पाठवावं. उत्तर आलं की खर्चाच्या तक्त्यासह मला पाठवा, आपण एकत्र बघू.