'ऊर्जाचक्र' की 'ऊर्जाप्रवाह'?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "मुलीने उत्तरात 'परिसंस्थेतील ऊर्जाचक्र' असे लिहिले होते, ते खोडून 'ऊर्जाप्रवाह' केले गेले. जलचक्र चालते, कार्बनचक्र चालते, मग ऊर्जाचक्रानेच काय घोडे मारले? हा उगीच शब्दांचा कीस नाही का?"

मला ही दुरुस्ती अगदी योग्य वाटते. चक्र म्हटले की फिरून मूळ जागी येणे आलेच. समुद्राचे पाणी वाफ होऊन वर जाते आणि पाऊस होऊन परत येते. कार्बन हवेतून पानात, पानातून अळीत आणि अळीच्या श्वासातून पुन्हा हवेत जातो. अणू तेच, फेरे नवे. ऊर्जेला मात्र परतीची वाट नाही. पानाने प्रकाश घेऊन साखरेत साठवलेली ऊर्जा कोणत्याही जीवाने वापरली, की ती शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि त्या उष्णतेवर कुठलेही पान पुन्हा साखर बनवू शकत नाही. म्हणून सूर्य रोज लागतो.

पान कुरतडणारी अळी जवळून पाहा. तिच्या मागे बारीक काळपट गोळ्या पडत असतात. खाल्लेल्या पानातली जवळपास निम्मी ऊर्जा त्या विष्ठेतूनच निघून जाते. पचलेल्या भागातलाही बराचसा श्वसनात, हालचालीत खर्च होतो. अळीच्या अंगी लागतो तो ढोबळ मानाने सहावा हिस्सा, आणि तिला टिपणाऱ्या पक्ष्याच्या वाट्याला येतो तोही तेवढाच.

हे आटणे प्रत्यक्ष मोजलेले आहे. फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यावर अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांनी केलेली मोजणी १९५७ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या वनस्पती दर चौरस मीटरमागे वर्षाला २०,८१० किलोकॅलरी ऊर्जा अन्नात बांधत होत्या. शाकाहारी प्राण्यांच्या पातळीवर ३,३६८ दिसल्या, त्यांना खाणाऱ्यांच्या ३८३ आणि सर्वांत वरच्या मांसाहारींच्या अवघ्या २१. म्हणजे पहिल्या टप्प्यावर सुमारे १६ टक्के, मग ११, मग साडेपाच. प्रत्येक टप्प्यावर दहा टक्केच ऊर्जा पुढे जाते, असे सांगणाऱ्या 'दहा टक्क्यांचा नियम' या शब्दप्रयोगातला 'नियम' मला म्हणूनच खटकतो. 'ठोकताळा' हा नेमका शब्द आपल्याकडे असताना तो का वापरू नये?

गोंधळ मराठीतच झाला असे नाही. आज आपण ज्याला अन्नजाळे म्हणतो, त्याला इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९२७ साली 'फूड सायकल', म्हणजे अन्नचक्रच म्हटले होते. पुढे ते नाव मागे पडले, आणि बरे झाले. कोण कोणाला खातो याची गुंतागुंत जाळ्यात दिसते, चक्रात दिसत नाही.

'ऊर्जा' या शब्दाची जडणघडणही पाहण्यासारखी आहे. संस्कृतात 'ऊर्ज्' म्हणजे बळ, आणि बळ देणारा पोषक रसही. भौतिकशास्त्रात रुळलेला हा शब्द अन्नसाखळीत आला की आपल्या जुन्या अर्थाच्या अगदी जवळ येतो. मला याचे फार अप्रूप वाटते.

'विघटक मृत अवशेषांतली ऊर्जा मातीला परत देतात' हे वाक्यही पुष्कळदा वाचायला मिळते. यात कर्ता बरोबर आहे, कर्म चुकले आहे. जिवाणू आणि बुरशी परत देतात ती द्रव्ये. ऊर्जा ते स्वतःच्या जगण्यासाठी वापरतात, आणि तीही उष्णता होऊन निसटते.

मुलीला आकृती काढायची असेल तर बाणांकडे लक्ष द्यायला सांगा. गवतापासून नाकतोड्याकडे जाणारा बाण 'खातो' असा वाचला तर गवतच नाकतोड्याला खाऊ लागेल. तिथे 'कडून' आणि 'कडे' लावून वाचावे: गवताकडून नाकतोड्याकडे, नाकतोड्याकडून बेडकाकडे. बेडकापासून विघटकांमार्फत पुन्हा गवताकडे बाण काढायचा असेल तर जरूर काढावा, फक्त त्यावर 'नायट्रोजन, फॉस्फरस' असे लिहावे, 'ऊर्जा' लिहू नये.