बदली होऊन ठाण्यात येताय? आधी दाखला

ताई, बदलीचा हुकूम आला की सामान बांधण्याआधी मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला काढा. नाव, जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळते का ते तिथेच तपासा. इथे आल्यावर चूक सापडली तर दुरुस्ती जुन्या शाळेकडूनच करून घ्यावी लागते. पेन क्रमांकही (विद्यार्थ्याचा कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक) मागून घ्या. ठाण्यात कोलशेतला हवाई दलाच्या तळाचं केंद्रीय विद्यालय आहे. आधीची शाळाही केंद्रीय विद्यालय असेल तर काम बरंच सोपं. दहावीत मात्र जपून. सीबीएसईची नोंदणी नववीतच होते, त्यामुळे पुढे शाळा बदलायला मंडळाची परवानगी लागते. बदलीच्या हुकमाची प्रत जोडा. आणि मराठी! 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत ती सक्तीची. हिंदी येणाऱ्या मुलाला लिपी येतेच. अडतं ते 'ळ' आणि 'आहे-आहेत'पाशी. रोज 20 मिनिटं मोठ्याने वाचून घ्या, शिकवणी नंतर बघू.