फझ पेडलमधला 'बायस': करायचा, लावायचा की बसवायचा?

प्रश्न असा आलाय की घरी बनवलेल्या जर्मेनियम फझ पेडलवर (गिटारचा आवाज खरखरीत करणारी, पायाने दाबायची पेटी, आतले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे) मराठीत लिहिताना 'बायसिंग'ला, म्हणजे सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरला ठरावीक व्होल्टेजवर ठेवण्याला, काय म्हणायचं, कारण मशीनने भाषांतर करून दिलं 'ट्रान्झिस्टरचा पूर्वग्रह दुरुस्त करा'. बिचाऱ्या ट्रान्झिस्टरचा कुणावर कसला आकस असणार! पूर्वग्रह माणसाचा, इथे तो बादच.

'अभिनती' हा पारिभाषिक शब्द चुकीचा नाही, नती म्हणजे झुकणं, आणि बायसच्या मुळाशीही तिरकेपणाच आहे (शिवणकामात त्याच बायसला उरेब म्हणतात, उरेब पट्टीतला), पण मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात अभिनतीसाठी प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) मागून बघा, दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. तेव्हा माझ्या मते बायसच ठेवा, पुल्लिंगी, आणि डोकं लावा क्रियापदावर.

१९६६ च्या फझ फेस या पेडलचं सर्किट घ्या, बहुतेक जण तेच बनवतात. दोन पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि तिचा प्लस ग्राउंडला. गिटार वाजत नसताना दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (बेस, एमिटर, कलेक्टर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय) उणे साडेचारच्या आसपास व्होल्टेज हवा, म्हणजे सिग्नलला दोन्हीकडे जागा मिळते. मुळात तिथे ८.२ किलोओहमचा फिक्स रेझिस्टर असतो, घरी बनवणारे त्याच्या जागी प्रीसेट टाकतात आणि मीटरवर डोळा ठेवून स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवत साडेचारवर आणतात आणि मग कानाला बरं वाटेल तिथे थोडं इकडेतिकडे करतात, तर या कामाला 'बायस बसवणे' चपखल, नेम बसवतो तसं. 'बायस सेट करणे' सगळेच म्हणतात, चालेल. नुसतं 'बायस करणे' मात्र अर्धवट वाटतं.

'देणे' किंवा 'मिळणे' वेगळं, ते व्होल्टेज कुठून येतो त्याबद्दल. इथे पहिल्याच्या बेसला बायस दुसऱ्याच्या एमिटरवरून १०० किलोओहममधून मिळतो, म्हणून एक ट्रान्झिस्टर बदलला की दोघांचंही बिघडतं.

आणि तिसरं, 'बायस सरकणे', म्हणजे बसवलेला व्होल्टेज आपोआप हलणे, जर्मेनियमवाल्यांना हे रोजचंच. त्याचं कारण लीकेज, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून नको असताना वाहणारा करंट, त्याला 'गळती' सरळ म्हणा, छान बसतो शब्द. तापमान दहाएक अंशांनी चढलं की गळती साधारण दुप्पट होते, ट्रान्झिस्टर चिमटीत धरला तरी मीटरचा आकडा हलायला लागतो, त्यामुळे सोल्डर केल्या केल्या रीडिंग घेऊ नये, गार होऊ द्यावं. साध्या मल्टीमीटरचा गेनचा (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो त्याचा) आकडाही ही गळती धरूनच येतो, त्याला मी 'फुगलेला गेन' म्हणतो, खरा त्याहून कमी.

तर तुमचं वाक्य असं करा: 'प्रीसेट फिरवून दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बायस बसवा, उन्हाळ्यात तो सरकला तर परत बसवा.'