गरम झऱ्याचं पाणी आणि चार बाटल्या

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत राजवाडीच्या (ता. संगमेश्वर) गरम पाण्याच्या कुंडावर गेलो होतो. तिथे एक सर आणि दोन विद्यार्थिनी झऱ्याचं पाणी भरत होत्या. एकाच झऱ्याच्या चार बाटल्या, एकीत कसलेसे थेंब! एवढा खटाटोप कशाला? एक कॅन भरून प्रयोगशाळेत न्यायचा ना! आम्हीही कोल्ड्रिंकच्या बाटलीतून पाणी घरी आणलं, तर दोन दिवसांत तळाशी पांढरा साका बसला. पाणी बिघडलं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कॅन का नेत नाहीत, ते तुमच्या साक्यानेच सांगितलंय. जमिनीखाली दाबात असलेलं पाणी वर आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो (म्हणजे आंबटपणा कमी होतो) आणि विरघळलेला चुना खाली बसू शकतो. प्रयोगशाळेत पोचतं ते वेगळंच पाणी. म्हणून तापमान, पीएच आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) झऱ्यावरच मोजतात.

आता बाटल्या. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून एकीत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकतात. कॅल्शियम, लोह पाण्यातच राहावं, बाटलीला चिकटू नये म्हणून. दुसरी बिनआम्लाची, क्लोराइड-सल्फेटसाठी. तिसरी सिलिकाची, म्हणजे खडकातून विरघळून आलेल्या, वाळूतल्या द्रव्याची. तिच्यात बहुधा मोजून डिस्टिल्ड वॉटर घालतात, कारण पाणी निवलं की जास्तीची सिलिका गुठळ्या धरते. या सिलिकेवरूनच खोलवरच्या तापमानाचा अंदाज बांधतात, तेव्हा तिथे चूक परवडत नाही. चौथी, एकही बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरलेली, ती समस्थानिकांसाठी, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंसाठी. हे पाणी मुळात पावसाचं का, ते त्यावरून कळतं.

मी विद्यार्थी असताना दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला गेलो आणि ‘असू दे, बरं’ म्हणून सगळ्याच बाटल्यांत नायट्रिक टाकलं. आम्लातूनच आलेल्या नायट्रेटचे आकडे बघून सरांनी विचारलं, “झऱ्यात खताचं पोतं ओतलं होतंस का रे?” पुन्हा एसटी, पुन्हा उन्हवरे. या खेपेला कुंडाच्या कडेला बसून भरायला लागलो, तर कपडे धुणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “त्यातलं कशाला भरतोस? आत्ताच साबण लावलाय मी.” तेव्हापासून मी बाटली धरतो ती थेट झऱ्याच्या तोंडाशी, जिथून बुडबुडे फुटतात तिथे. हात भाजतो. कोकणातले हे झरे साधारण ४० ते ७० अंशांचे, त्यात उन्हवऱ्याचा चांगलाच तापट.

तुमचं पाणी बिघडलं म्हणता येणार नाही, पण पिऊ मात्र नका. गरम झऱ्यांत फ्लोराइड जास्त असू शकतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं, आणि ते चवीला कळत नाही. वरचं पाणी हलकेच ओतून द्या, साका बशीत घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. फसफसला तर चुना. नाही फसफसला, तर बहुधा सिलिका.