ब्लोअर फक्त चार नंबरवरच का फिरतो?

प्रश्न : माझ्या छोट्या गाडीचा ए.सी.चा ब्लोअर एक, दोन, तीनवर हूं की चूं करत नाही. चारवर मात्र जोरात फिरतो. गॅरेजमध्ये रेझिस्टर बदलला, तोही एका उन्हाळ्यात गेला. आता मोटरच बदला म्हणतात. – एक वाचक, सातारा

उत्तर : मोटरचा खर्च एवढ्यात करू नका. पहिल्या तीन वेगांना करंट रेझिस्टरमधून (करंट अडवून पंख्याचा वेग कमी करणारा भाग) जातो, चारवर तो रेझिस्टरला वगळतो. म्हणून रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज (जास्त तापला की तुटणारा) उडाला की तिन्ही वेग एकदम बंद पडतात आणि चार शाबूत राहतो. (ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी बहुधा ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं, तिथे हा हिशेब लागू नाही.)

नवा रेझिस्टर इतक्या लवकर जळतो तेव्हा कारण बहुतेकदा त्याच्याबाहेर असतं. ब्लोअरच्याच हवेने थंड राहावा म्हणून तो हवेच्या वाटेत बसवलेला असतो. हवा कमी पडली की तो तापतो. म्हणून आधी ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर काढा आणि तुंबलाय का पाहा. काही बेस मॉडेलमध्ये फिल्टरच नसतो, नुसती रिकामी खाच असते. अशा गाडीत झाडाचा पाला आणि उंदरांनी आणलेला कचरा थेट पंख्यात जातो.

मग किल्ली बंद करून मोटर खाली उतरवा. बहुतेक गाड्यांत दोन-तीन स्क्रूंचंच काम असतं. पंखा हाताने फिरवा. जड लागला किंवा किरकिरला तर बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) गेले आहेत. अशी मोटर जास्त करंट खेचते आणि रेझिस्टर जाळते. मग मात्र गॅरेजवाल्यांचं बरोबर. करंट मोजायचा तर डी.सी. मोजणारा क्लॅम्प मीटरच (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा) हवा. साध्या मल्टिमीटरच्या 10 अँपियरच्या रेंजवर हा प्रयोग केलात तर मीटरचाच फ्यूज जाईल.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे रेझिस्टरचा कपलर, म्हणजे त्याला वायरी जोडणारा प्लग. प्लास्टिक तपकिरी पडलंय, एखादी पिन काळी झालीय, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) ढिलं बसतंय, यातलं काहीही दिसलं तरी कपलर वायरच्या तुकड्यासकट बदला, वायर मूळच्याच जाडीची घ्या. ढिल्या जोडावर उष्णता तयार होते, आणि जुन्या कपलरला जोडलेला नवा रेझिस्टरही त्याच वाटेने जातो. तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय इथेच आहे. ब्लोअरच्या वायरिंगचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठ्या अँपियरचा घालण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. फ्यूजच्या जागी वायरिंग जळेल.

प्रश्न : ब्लोअर मधूनच बंद पडतो. डॅशबोर्डखाली थाप मारली की सुरू होतो. – एक वाचक, जालना

उत्तर : मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजले आहेत, असं समजायला हरकत नाही. खात्रीसाठी किल्ली ऑन करून, नॉब चारवर ठेवून मोटरच्या कपलरच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. बॉडीला मीटरचं टोक लावून मोजू नका : पुष्कळ गाड्यांत वेग अर्थिंगच्या बाजूने बदलतात, त्यामुळे एका वायरवर 12 व्होल्ट दिसत राहतात आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. दोन पिनांमध्ये 12 व्होल्ट येऊनही पंखा हलत नसेल तर मोटर बदला. व्होल्टेजच येत नसेल तर फ्यूज, रिले, स्विच आणि अर्थिंग या क्रमाने तपासा.

प्रश्न : तासभर ए.सी. चालला की पंख्याचा आवाज तोच, पण हवा येईनाशी होते. – एक वाचक, वाशी

उत्तर : ब्लोअरला हात लावू नका. कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. ए.सी. बंद करून नुसता पंखा दहा-पंधरा मिनिटं चालवा. हवा परतली तर निदान पक्कं. मग केबिन फिल्टर, कॉइलचा थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर) आणि गॅसचं प्रेशर तपासून घ्या. गॅस कमी असला तरीही बर्फ धरतो, त्यामुळे गळती न शोधता नुसता गॅस भरून घेऊ नका.